ऊब लागेपर्यंत

माजरी
२६ फेब्रुवारी २०२४

घनश्याम,

जयभीम. पाकीट पाहून दचकू नको, कोणी मेलं नाई. मीच लिहून राह्यलो, लहानू. अक्षर असं कोंबडीनं उकरल्यासारखं काऊन आहे ते पुढं सांगतो.

तुले फोन करून उपयोग नाई. दिवाळीत मी 'बरा आहे का गा' म्हटलं तं तू 'कापून झालं, कापून झालं' म्हणत धानाचं सांगत बसला. दहा मिनिटं दोघं बोंबललो. माझ्या गल्लीले तुझी बातमी समजली, तुझ्या गल्लीले माझी, आपल्या दोघायले काईच नाई. कानाचं काई पाह्य म्हटलं तं तू ऐकते थोडाच. म्हणून पत्र.

बातमी अशी आहे. डिसेंबरात माझ्या आतड्याचं ऑपरेशन झालं. गाठ होती, कॅन्सरची. काढली. आता दर एकवीस दिवसांनी नागपूरले जातो अन् किमोची सलाईन लावून येतो. आठ घ्यायच्या आहेत, तीन झाल्या. तुले आधी कळवलं नाई, कारण तू धावत आला असता अन् दवाखान्यात गळा काढला असता. आमच्या बायनाले सांभाळू का तुले?

केस शाबूत आहेत. पण या औषधाची एक वाईट खोड आहे. त्याले थंड चालत नाई. पहिली सलाईन घेऊन घरी आलो, फ्रिजमधली बाटली धरली तं हाताले करंट बसला. तेहतीस वर्षं खाणीत पंपावर काढली, करंट कशाले म्हणते ते मले दुसऱ्यानं सांगाले नको. घोट घेतला तं गळ्यात काटे. आपल्याकडचा माणूस, अन् उन्हाळा तोंडावर आला असताना माठाले हात लावू शकत नाई! बायना मले कोमट पाणी देते. ते पिताना मले वाटते, आंघोळीचंच पिऊन राह्यलो.

बोटांले मुंग्या येते. सदऱ्याची बटनं बायना लावते. दवाखान्यात ज्योत्स्ना नावाची एक पोरगी आहे, वडशाकडची, हाताचे व्यायाम शिकवते. ती म्हणे काका, रोज एक पान लिहा. कोणाले लिहू म्हटलं, तं तूच आठवला. सातवीपर्यंत माझ्या पाटीवर पाहून लिहिलं, आता माझं वाचायची सजा भोग.

काल उगीच तलाव आठवला. वैशाखात पाणी आटलं की मोठे लोक जाळं घेऊन मधात जायचे अन् आपण कडेच्या गाळात. तू म्हणायचा, हातानं नाई गा, पायानं शोध. पाय सरकवत न्यायचा. अंगठ्याले गार अन् गुळगुळीत लागलं, अन् हललं, तं मरळ. नाई हललं तं लाकूड. मी किती लाकडं काढली असन! तू हसून हसून गाळात बसायचा.

बाईले, पोरायले नमस्कार सांग.

लहानू


जांभूळबोडी
५ मार्च २०२४

लहान्या,

जयभीम. तुह्या पत्राले आग लागो. डिसेंबरात पोट फाडलं अन् मार्चात सांगते! मी कोण होय तुहा? बाजारात भेटलेला माणूस? माह्या बायकोनं, चंदाबाईनं, पत्र हाती दिलं, वाचलं तं मी दोन दिवस तिच्याशीच बोललो नाई, तिचा काई गुन्हा नसताना. मंग तिनंच कागद अन् पेन आणून समोर आदळला, म्हणे ज्याच्यावर राग हाये त्याले लिहा.

आता बरा हाये का? जेवते का? खरं लिहिजो.

तलावाचं लिहिलं ते बेस केलं. पण लाकडंच काऊन लिहिली? शिंगी लपवली ना! मी लिहितो. पाचवीत होतो. माह्या बापानं, पोचूनं, तुले पाळीवरून दोनदा हाकललं होतं, म्हणे धिवराच्या तलावात तुमच्या पोराचं काय काम. तू तिसऱ्यांदा आला. अन् पाय पडला तो शिंगी मासोळीवर. काटा टोचला तं तू असा बोंबलला का सिंदेवाहीले ऐकू गेलं असन. मंग त्याच बापानं जाळं टाकलं अन् तुले पाठीवर घेऊन पळत घरी आणलं. तोवर तू आमच्या घरी ओसरीच्या खालीच बसत होता. त्या दिवशी माह्या मायनं तुले चुलीपाशी बसवलं. आठवते का? ते कोणी काई बोललं नाई, पण त्याच्यानंतर तू चुलीपाशीच बसला.

मुंग्या म्हणजे वात होय. दुसरं काई नाई. पायाचं काय? नुसतं हाताचंच लिहिलं.

घनश्याम


माजरी
२० मार्च २०२४

घनश्याम,

बहिरा झाला तरी नाक अजून तिखट आहे तुझं. पायाचं मी मुद्दाम नव्हतं लिहिलं.

ऐक. हे बायनाले माहीत नाई, डॉक्टरले नाई, कोणालेच नाई. चौथी सलाईन तेरा तारखेले झाली. डॉक्टर मॅडमनं पहिल्यांदाच सांगतलं होतं, मुंग्या येतील, चार-पाच दिवसांत जातील, नाई गेल्या तं मले सांगा. त्या तिसऱ्यापासून गेल्याच नाई. आता मुंग्यासुद्धा नाई. घोट्याखाली दोन्ही पाय गप्प झाले. खाली फरशी आहे का माती, ते पाहून समजते. परवा दुकानातून आलो तं बायना म्हणे, एक चप्पल कुठी ठेवली? गल्लीच्या तोंडाशी पडली होती. मी तिथून घरापर्यंत एक पाय अनवाणी चालत आलो, अन् मले पत्ता नाई.

सांगत काऊन नाई म्हणशील. गड्या, मी तेहतीस वर्षं एकच विद्या शिकलो. मेडिकल तपासणीत डॉक्टरनं विचारलं तं म्हणायचं, 'ठीक आहे साहेब.' कंबर मोडो का खोकल्यानं छाती फुटो. आमच्यात ज्यानं खरं सांगतलं त्याले खालून काढून वर बसवायचे, अन् वर बसवलेला माणूस मित्रायच्या चहातूनही उठला. आमचा लटारू तं अर्ध्या डोळ्यानं आंधळा होता, अक्षरांचा तक्ता पाठ करून पास झाला. चार सलाईनी राह्यल्या आहेत. पाय गेले म्हटलं तं मॅडम औषध बंद करतीन. औषध बंद झालं अन् गाठ परत आली तं? पाय घेऊन काय करू मंग?

मॅडमजवळ एक लोखंडी चिमटा आहे. हातावर आपटला की थरथरते. तो पायाच्या अंगठ्याले लावते अन् म्हणते डोळे मिटा, थरथर थांबली की सांगा. अंगठ्याले काईच समजत नाई. पण चिमटा गुणगुणते ना! गुणगुण थांबली की मी म्हणतो, 'थांबली.' या खेपेलेही पास. लटारूचा चेला आहो.

पण एक सांगतो, तुलेच सांगतो. बोलता बोलता कधी मधातच भीती वाटते. पायच नाई असं वाटते.

कोणाले बोलू नको.

लहानू


जांभूळबोडी
३० मार्च २०२४

लहान्या,

वाचून हसलो बी अन् घाबरलो बी. चिमट्याले फसवलं! तू पहिल्यापासून डोक्यानं चालू. औषध पुरं घे, मधात सोडू नको, ते बरोबर हाये. डॉक्टरले कायले सांगते. पायाचं आपण घरचं करू.

गावातला धनराज माजरीले बहिणीकडे येऊन राह्यला, त्याच्या हाती बाटली देतो. टोरीचं तेल हाये, मोहाच्या बियांचं, घाण्यावरचं, चंदाबाईनं घरी ठेवलेलं. भेसळ नाई. आता मी सांगतो तसं कर. शिंगी टोचली तवा माह्या मायनं काय केलं होतं? ईट चुलीत तापवली, ओल्या फडक्यात गुंडाळली, पायाले तेल चोपडलं अन् ईटेवर ठेवला. तू पाय ओढून घेत होता तं तिनं गुडघा धरून ठेवला, म्हणे ऊब लागेपर्यंत पाय काढू नको. घडीभरात तू हसाले लागला. मी बी उगीच दुसरा पाय ईटेवर ठेवला, मले काई टोचलं नव्हतं तरी. दोघांचे पाय एका ईटेवर.

तसंच कर. ईट चांगली तापव. वात हट्टी असते. ऊब लागेपर्यंत पाय काढू नको.

घनश्याम


माजरी
१८ एप्रिल २०२४

घनश्याम,

बाटली भेटली. तेल एक नंबर. वास घेतल्याबरोबर तुझं घर डोळ्यापुढं आलं, तुझ्या मायचं, सुकरीमायचं, कुंकू सुद्धा. शेक केला. झकास.

जयंती जोरात झाली. मिरवणुकीत पूर्ण चाललो, शाळेपासून विहारापर्यंत.

आज जास्त लिहीत नाई, बोटं दुखून राह्यली.

लहानू


जांभूळबोडी
२४ एप्रिल २०२४

लहान्या,

पाह्य! म्हटलं होतं का नाई! मिरवणुकीत पूर्ण चालला म्हणजे वात निघाला. मी चंदाबाईले म्हटलं, नागपूरच्या मोठ्या डॉक्टरनं जे नाई केलं ते माह्या मायच्या ईटेनं केलं. साऱ्या गावात सांगून आलो. शेजारच्या बुधूच्या कमरेलेबी ईट सांगतली.

आता बंद करू नको. महिनाभर रोज शेक. तेल संपलं तं कळवजो.

तलाव यंदा लवकर उतरून राह्यला. सातवी झाल्यावर तू बापासंगं माजरीले गेला, त्या वर्षी बी असाच उतरला होता. तुह्या जाण्याच्या दिवशी मी एसटीवर आलो नाई, तुले वाटलं असन रुसलो. मी गाळात होतो. तुले देण्यासाठी मरळ शोधत होतो. सापडली तवा गाडी निघून गेली होती. हे मी तुले कधी सांगतलं नव्हतं.

घनश्याम


माजरी
२८ एप्रिल २०२४

घनश्यामभाऊ,

बायनाबाईचा जयभीम. तुमचं पत्र मी वाचलं. यायच्या उशीखाली तुमची बाकीची पत्रंही होती, तीही वाचली. माफ करजा.

तुम्हाले खरं लिहिणारं कोणी नाई म्हणून लिहिते. बारा तारखेले मी जयंतीच्या तयारीले विहारात गेली होती. घरी हे एकटेच. यायनं ईट तापवली, तेल लावलं अन् डावी टाच ईटेवर ठेवून बसले. ऊब लागेपर्यंत काढायचा नाई असं तुम्ही लिहिलं होतं. यायले ऊब लागलीच नाई भाऊ. हे बसून राह्यले. मले सांगतलं ते असं, का वास येत होता, पण वाटलं तेलाचाच असन. मनात म्हणे सारखं तुमच्या चुलीपाशीच बसल्यासारखं वाटत होतं, उठावंसं वाटलं नाई.

मी आली तं पायात मोजे. म्हटलं उन्हाळ्यात मोजे काऊन, तं म्हणे थंड चालत नाई ना मले. मले खरं वाटलं. चौदा तारखेले त्याच पायानं सारी मिरवणूक चालले. पंधराले धुवाले मोजे मागितले, देत नाई म्हटले म्हणून मीच ओढून काढले. मोज्याबरोबर टाचेची कातडी निघून आली. मी किंचाळली. अन् हे म्हणे दुखत नाई, माझ्याकडे पाहत बसले, जसा पाय दुसऱ्याचा होय.

इथल्या डॉक्टरकडे रोज पट्टी करतो. पण चोवीसले नागपूरले गेलो तं मॅडमसमोर जोडा काढला नाई. सहावी सलाईन घेऊन आले. मले गाडीत शपथ घातली, बोलशील तं मी पुढची घेणारच नाई. आमची रोशनी सुरतेहून फोन करते, तिलेही 'मी ठीक' म्हणून सांगते.

तुमचा भल्ला राग आला होता मले. दोन दिवस तुमच्या नावानं बोटं मोडली. आता नाई. हे माझं ऐकत नाई, पोरीचं ऐकत नाई, तुमचं ऐकते. एवढं ऐकते का पाय जाळून घेतला. म्हणून तुम्हीच सांगा. पंधरा मेले सातवी आहे. त्याच्या आत खरं सांगतलं नाई तं हे पाय परत येणार नाई असं माझं मन सांगते.

बायना


जांभूळबोडी
४ मे २०२४

लहानू,

बायनाबाईचं पत्र आलं. तिच्यावर डाफरू नको, तुले माह्या मायची आण हाये.

ती ओळ मी लिहिली. माह्या हातानं. ज्या पायाले ऊबच समजत नाई, त्याले मी सांगतलं ऊब लागेपर्यंत काढू नको. तीन दिवस झाले, जेवाले बसलो का तेच डोळ्यापुढं येते. मी लाकूड होय लाकूड. अन् ते गावभर सांगत फिरलो! बुधूले जाऊन सांगून आलो, ईट फेक.

दुखते का रे? बायनाबाईनं लिहिलं दुखत नाई. दुखत नाई हे वाचून मले जेवढं रडू आलं तेवढं माय गेली तवाबी नव्हतं आलं.

आता एक गोष्ट लिहितो. चौथीत माह्या कानातून पू येत होता. गुरुजी विचारत, घनश्याम, ऐकू येते का रे? मी म्हणे, येते गुरुजी. मांगं बसवतीन, पोरं हसतीन म्हणून. तू बाजूले बसत होता अन् मी तुह्या पाटीवर पाहून लिहीत होतो. तुले वाटे मले अभ्यास येत नाई. मले ऐकूच येत नव्हतं लहान्या. तिशीत सिंदेवाहीले डॉक्टर आला, त्यानंबी विचारलं, मी म्हटलं बेस हाये. पन्नाशीत दुसऱ्या डॉक्टरले खरं सांगतलं तवा तो म्हणे, काका, वीस वर्षांआधी आले असते तं वाचला असता कान. चंदाबाईलेबी हे माहीत नाई. म्हणजे आता होईन, कारण हे पत्र डब्यात टाकाले तीच जाते अन् ती वाचल्याशिवाय राहत नाई.

माहे कान गेले. तुहे पाय जाऊ देणार नाई मी. पंधराले नागपूरले येतो. दवाखान्याच्या दाराशी उभा राहीन. तू आत गेला का मीबी आत. हाकललं तं तिसऱ्यांदा येईन, तुह्यासारखा.

घनश्याम


माजरी
२० मे २०२४

घनश्याम,

तू सारं पाह्यलं पण ऐकलं काईच नाई. गाडीत तू तीनदा विचारलं, 'काय म्हणे?' अन् मी सांगतलं ते अख्ख्या एसटीनं ऐकलं, तू सोडून. कंडक्टर उतरताना मले म्हणे काका, पायाची काळजी घ्या. म्हणून आता शब्दाले शब्द लिहून देतो.

आत गेलो. मॅडम म्हणाल्या, "या काका. हातापायाला मुंग्या?" घनश्याम, मी घरून ठरवून निघालो होतो का सांगायचं. पण माझ्या तोंडातून काय निघालं असन? "ठीक आहे मॅडम." तेहतीस वर्षांची सवय, तोंड आपलंआपणच बोललं. बायनानं मान खाली घातली.

मंग मॅडमनं चिमटा काढला. डोळे मिटा म्हणाल्या. मी मिटले. गुणगुण सुरू झाली. अन् तेवढ्यात मांगून दोन हात आले अन् माझे दोन्ही कान गच्च दाबले. तुझे हात. मासोळीचा वास काई गेला नाई, बे, नागपूरले येताना साबण तरी लावायचा! सारं गप्प झालं. गुणगुण गेली. मी वाट पाहत बसलो, आता थरथर समजन, मंग समजन. अंधारात बसलो होतो अन् खाली काईच नव्हतं. कधी थांबली ते मले ठाऊक नाई. डोळे उघडले तं चिमटा केव्हाचाच टेबलावर होता अन् मॅडम माझ्याकडे पाहत होत्या.

तू हात काढले. मी म्हटलं, "नाई मॅडम. काईच समजत नाई. तिसऱ्यापासून नाई."

त्यायनं जोडे काढाले लावले. टाच पाह्यली. मंग म्हणाल्या, "सांगितलं का नाही काका?" मी म्हटलं, औषध बंद कराल म्हणून. त्या म्हणाल्या, "बंद नाही करत. बदलतो, कमी करतो. तुम्ही तिसऱ्याला सांगितलं असतं तर चौथ्याला कमी केलं असतं. सहा झाल्या, पुष्कळ झालं. आता ही सलाईन नको. जखम सुकली की नुसत्या गोळ्या घ्या, आजारासाठी तेवढं बास आहे. पाय मात्र मला दुकानातून आणून देता येत नाहीत."

मी तिथी रडलो, ते तू पाह्यलंच. तुले वाटलं मॅडम रागावल्या. नाई गा. मी मरत नाई असं समजलं म्हणून रडलो. अन् एवढे महिने फुकटच पाय जाळले म्हणूनही.

अजून म्हणाल्या, सलाईन थांबली तरी दोन-तीन महिने पाय आणखी बिघडतीन, घाबरू नका. मंग हळूहळू येतीन. सारे येतीनच असं नाई. घरातही मऊ जोडे घालायचे, पाणी दुसऱ्यानं पाहून द्यायचं, रोज तळपाय आरशात पाहायचा. अन् शेक नाई. 'शेक नाही' हे त्यायनं तुझ्याकडे बोट दाखवून म्हटलं, तू मान डोलावली, तुले वाटलं तुझी तारीफ करून राह्यल्या.

तुझ्या कानाचंही विचारलं मी. दाखवून घे म्हणाल्या.

लहानू


जांभूळबोडी
१६ जुलै २०२४

लहान्या,

धानाची रोवणी सुरू हाये, म्हणून उशीर. औषध सांगत नाई, घाबरू नको. आता मी कोणाले सर्दीचंबी औषध सांगत नाई. चंदाबाई म्हणते गाव वाचलं.

कान दाखवला. एक गेला तो गेलाच. दुसऱ्यात मशीन बसते म्हणे. मी नाई म्हटलं. मशीन लावली तं तू फोन करशीन, मंग पत्राचं काय?

दुखते का?

घनश्याम


माजरी
१९ ऑगस्ट २०२४

घनश्याम,

नाई दुखत.

गोळ्या संपल्या. तपासणी झाली, पोटात काई नाई, साफ आहे. बायनानं पेढे वाटले. मी पेढा खाल्ला अन् पायरीवरून पडलो. पायरी संपली हे पायाले समजलंच नाई. मॅडमनं सांगतल्याप्रमाणं बिघडून राह्यलं. जखम भरली, पण टाच मुकी आहे. बायना कोपर बुडवून आंघोळीचं पाणी पाहते, जसं रोशनीचं पाहत होती तिच्या लहानपणी. मले लाज वाटते अन् मंग रागच येते. काल तिच्यावर ओरडलो. ती पाणी ठेवून गेली.

आपली शाळा आठवते का? दीड कोस. चैत्रात सकाळची शाळा सुटली का जमीन तव्यासारखी. आपण पळसाची पानं वेलीनं पायाले बांधायचो, ती अर्ध्यातच फाटायची. मंग एका झाडाच्या सावलीतून दुसऱ्या सावलीत पळायचं, ओरडत. सावली भेटली का पाय चोळत बसायचं. तेव्हा मी म्हणत होतो, मोठा झालो का जोडा घेईन अन् कधीच पाय पोळू देणार नाई.

आता ते पोळणं कोणी दिलं तं घेईन. असंच राह्यलं तं काय करू, घनश्याम?

लहानू


जांभूळबोडी
२७ ऑगस्ट २०२४

लहान्या,

काय करू म्हणजे? बायनाबाईची माफी माग, आधी ते कर.

मंग एक कर. रोज सकाळी टाचेले नख लाव. पंधरा दिवसांनी मले एक कार्ड टाक. 'नाई' असन तं 'नाई' लिही. मोठं लिहू नको. पण खरं लिही. 'ठीक आहे साहेब' लिहिलं तं मी तिथी येऊन कानफटात देईन. कार्डं मी देतो, सोबत दहा पाठवली हायेत.

घनश्याम


माजरी, १० सप्टेंबर

नाई. माफी मागितली.

लहानू


माजरी, २४ सप्टेंबर

नाई.

लहानू


माजरी, ८ ऑक्टोबर

नाई. बायना म्हणते दहा कार्डं पुरायची नाई.

लहानू


माजरी
१७ ऑक्टोबर २०२४

घनश्याम,

कार्डाची तारीख अजून आली नाई, पण दम निघत नाई.

काल चंद्रपूरले दीक्षाभूमीवर गेलो होतो. ही भाऊगर्दी. बायनाच्या खांद्यावर हात ठेवून चाललो, खाली पाहत पाहत. रोशनीनं सुरतेहून नवे जोडे पाठवले होते, मऊ, मॅडमनं सांगतले तसे. तेच घातले होते. दुपारी पुस्तकाच्या दुकानाशी उभा होतो तं डाव्या टाचेत काईतरी वाटलं. मले समजलंच नाई काय आहे ते. माशी बसली असन म्हटलं. चार पावलं चाललो, परत वाटलं. अजून चाललो. मंग ओळखलं.

मी तिथीच खाली बसलो. बायना घाबरली, म्हणे काय झालं, चक्कर आली का? मी म्हटलं, बायना, जोडा चावून राह्यला. तिले पहिल्यांदा समजलं नाई. मंग समजलं तं ती बी बाजूले बसली, एवढ्या गर्दीत, पदर तोंडाले लावून. लोक म्हणत, काका-काकूले पाणी द्या. एका पोरानं माझ्या हातात गार पाण्याचा ग्लास दिला. तो मी प्यालो.

उजव्याचं अजून काई नाई. मॅडम म्हणतीन तेव्हा म्हणतीन, कदाचित नाईच येणार. डाव्याचंही जळल्या जागेपुरतंच आहे, रुपयाएवढं. फोड आला आहे. बायना म्हणे काढा तो जोडा, काऊन ठेवला? मी म्हटलं, थांब व जरासं.

दुखते गा, घनश्याम. भल्लं दुखते.

लहानू